एनएचएलचा अर्धा सीझन झाला, आता आपल्या टीमचा हिशोब कसा मांडायचा

एनएचएल ही अमेरिका-कॅनडाची बर्फावरच्या हॉकीची लीग, तिच्यात प्रत्येक टीम सीझनमध्ये 82 मॅच खेळते, म्हणजे 41 झाल्या की बरोबर अर्धं, साधारण जानेवारीचा पहिला-दुसरा आठवडा, आणि नेमकं तेव्हाच भांडणं सुरू होतात, कोण म्हणतं यंदा आपलं काही खरं नाही, कोण म्हणतं यंदा कप आपलाच. मी टोरंटो मेपल लीफ्सची. मावसभाऊ टोरंटोजवळच्या ब्रॅम्प्टनला गेला आणि त्याने निळी जर्सी पाठवली तेव्हापासून. लीफ्सने शेवटचा स्टॅनले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला 1967 ला, तेव्हा लीगमध्ये सहाच टीम होत्या, आज 32 आहेत, म्हणजे आशा आणि धसका दोन्ही आमच्या घरचेच. (मुंबईत हॉकी म्हटलं की चर्चगेटचं मैदान आठवतं, ती हॉकीही मला जवळची आहे, पण हे बर्फावरच्या हॉकीबद्दल.)

तर वही घ्या आणि पॉइंट टेबलवर लगेच विश्वास ठेवू नका.

आधी एकूण पॉइंट सोडा, मिळू शकणाऱ्या पॉइंटपैकी किती टक्के मिळवले ते बघा, कारण सगळ्यांच्या मॅच सारख्या झालेल्या नसतात. 43 मॅचमध्ये 50 पॉइंटवाली टीम टेबलात वर दिसते, पण 39 मॅचमध्ये 48 वाली खरंतर पुढे आहे. प्लेऑफला, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांना, साधारण 95 च्या आसपास पॉइंट लागतात, एखाद्या वर्षी कमी एखाद्या वर्षी जास्त, म्हणजे अर्ध्यावर 48 च्या आसपास असाल तर शर्यतीत आहात.

आता मुख्य गोष्ट, आणि इथेच बहुतेक जण फसतात. जिंकलं की दोन पॉइंट, पण साठ मिनिटांत बरोबरी होऊन ओव्हरटाइम (जादा वेळ) किंवा शूटआउटमध्ये (एकेकाने गोलकीपरसमोर मारायचे शॉट) हरलं तरी एक पॉइंट मिळतो. समजा आपल्या टीमच्या 41 पैकी 24 विजय, 12 हार आणि 5 ओव्हरटाइमच्या हार, झाले 53 पॉइंट, आपण खूश. पण त्या 24 मधले 9 विजय ओव्हरटाइम-शूटआउटचे असतील तर पूर्ण साठ मिनिटांत आपण फक्त 15 जिंकलो आणि 12 हरलो. सीझनमधला ओव्हरटाइम पाच मिनिटांचा, तीन विरुद्ध तीन, मोकळं बर्फ, दोन वेगवान पोरं असली की काम झालं. प्लेऑफमध्ये हे काही नसतं, तिथे पाच विरुद्ध पाच, वीस-वीस मिनिटांचे पिरियड, गोल होईपर्यंत, शूटआउट नाहीच. म्हणून वहीत पहिला कॉलम रेग्युलेशनमधल्या, म्हणजे साठ मिनिटांतल्या, विजयांचा ठेवा. पॉइंट आणि मॅच दोन्ही सारखे झाले तर लीगसुद्धा आधी हेच मोजते.

गोलफरक बघताना रिकाम्या नेटमध्ये गेलेले गोल (शेवटी मागे असलेली टीम गोली, म्हणजे गोलकीपर, काढून जादा खेळाडू आणते तेव्हाचे) वजा करा. शूटआउट जिंकलं की टीमच्या खात्यात एक गोल धरतात, तोही काढा. मग खरा आकडा दिसतो, कधीकधी बघवत नाही पण तोच खरा.

नशिबाचा भाग मोजायला पीडीओ आहे. पाच विरुद्ध पाचमध्ये आपल्या शॉट्सपैकी किती टक्के गोल झाले आणि आपल्या गोलीने किती टक्के अडवले, दोन्हीची बेरीज. सगळ्या लीगची सरासरी 100 येते. आपली टीम 103 ला असेल तर हवेत उडू नका, हळूहळू उतरणार, आणि 97 ला असेल तर आत्ताच कोचला काढा म्हणून ओरडू नका. पॉवर प्ले, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षा होऊन बाहेर असताना मिळालेल्या संधींपैकी किती वेळा गोल झाला, तो वीस टक्क्यांच्या आसपास असेल तर ठीक, त्यावर जास्त डोकं घालू नका.

पण आकडे एकटे पुरत नाहीत, तीन मॅच तरी पूर्ण बघा, हायलाइट्स नाही. हिवाळ्यात टोरंटोची संध्याकाळी 7 ची मॅच आपल्याकडे पहाटे 5:30 ला येते, वेस्ट कोस्टवरची साडेआठला, तेव्हा आपण लोकलमध्ये लटकलेले असतो. म्हणून शनिवार रात्रीची मॅच धरा, ती आपल्याकडे रविवारी पहाटे पडते. मी स्वयंपाकघरात बसते, आवाज एकदम कमी, चहा गॅसवर, दुधाची पिशवी अजून दारालाच लटकलेली. शेवटची दोन मिनिटं एका गोलने पुढे असताना आपले लोक काय करतात तेवढं बघायचं. समोरची टीम गोली काढते, सहा जण अंगावर येतात, आणि आपला डिफेन्समन घाबरून पक (रबराची चकती) लांब भिरकावतो, तो कोणालाही न लागता पलीकडच्या गोल लाइनपार जातो, यालाच आयसिंग म्हणतात. मग फेसऑफ (दोघांमध्ये पक टाकून खेळ सुरू करणं) पुन्हा आपल्याच गोलजवळ, आणि दमलेले पाचही जण बदलता येत नाहीत. त्यांचे खांदे बघा, काठीवर रेलून उभे असतात. हे एका मॅचमध्ये तीनदा दिसलं तर माझ्या वहीत लाल खूण.

कोणाची टीम तळाला असेल तर 2019 ची सेंट लुइस ब्लूज टीम आठवा. 3 जानेवारीला सकाळी ब्लूज 37 मॅचमध्ये 34 पॉइंट घेऊन तेव्हाच्या 31 टीममध्ये शेवटचे होते. कोच नोव्हेंबरमध्येच बदललेला, क्रेग बेरुबे आलेला, मग 7 जानेवारीला गोली जॉर्डन बिनिंग्टन पहिल्यांदा सुरुवातीपासून गोलमध्ये उभा राहिला आणि शटआउट करून गेला, एकही गोल दिला नाही. पुढे लागोपाठ अकरा मॅच जिंकल्या, 99 पॉइंटवर सीझन संपवला आणि 12 जूनला बोस्टनमध्ये सातवी मॅच 4-1 ने जिंकून कप उचलला. तोच बेरुबे 2024 मध्ये लीफ्सकडे आला तेव्हा मी भावाला रात्री दोन वाजता फोन केला होता, तिकडे दुपार होती.

ट्रेड डेडलाइन (टीममध्ये खेळाडूंची अदलाबदल करायची शेवटची तारीख) साधारण मार्चच्या सुरुवातीला असते, त्याच्या आधी वहीत लिहा की टीमला नक्की काय कमी आहे, एकच गोष्ट. मोठं नाव मागू नका, तीन महिन्यांच्या पाहुण्यासाठी पहिल्या फेरीचा ड्राफ्ट पिक (नवा खेळाडू निवडायचा हक्क) गेला तर पुढची पाच वर्षं हळहळ. मला बहुतेक वेळा एक दणकट डिफेन्समन आणि तिसऱ्या लाइनला (आक्रमकांच्या तिसऱ्या तिकडीत) फेसऑफ जिंकणारा सेंटर हवा असतो.

शेवटी आपला अंदाज लिहा, 82 मॅचनंतर किती पॉइंट, खाली तारीख घाला, आणि साठावी मॅच होईपर्यंत ते पान उघडू नका.