पिकअपला गरम स्टिअरिंग बसवताय? आधी या चुका टाळा

कॅनडातल्या अल्बर्टात सेकंडहँड पिकअप घेणाऱ्या आपल्या मंडळींचं ठरलेलं असतं. घेताना मधलं मॉडेल घ्यायचं, चार पैसे वाचवायचे, आणि जानेवारीत पारा उणे ३० ला टेकला की हळहळायचं, की सीट तापते पण स्टिअरिंग तापत नाही. मग स्क्रॅप यार्डातून वरच्या मॉडेलचं स्टिअरिंग आणायचं आणि शनिवारी दुपारी काम काढायचं. काम होण्यासारखं आहे, त्यात वाद नाही. कंपनीचेच भाग वापरले तर अगदी मूळचं वाटावं इतकं छान होतं. पण दर हिवाळ्यात त्याच त्या चुका निस्तरून आता वैताग आलाय.

पहिली चूक गाडीला हात लावण्याआधीच होते. लोक फक्त स्टिअरिंग विकत घेतात. स्टिअरिंगच्या गोल कड्यात चामड्याखाली हीटर असतो, सोबत तापमान मोजणारा छोटा सेन्सर असतो, इतपत सगळ्यांना ठाऊक असतं. पण फिरत्या कड्यापर्यंत वीज पोचते कशी, हा प्रश्न कुणाला पडत नाही. ती पोचते क्लॉक स्प्रिंगमधून. स्टिअरिंगच्या मागे एक चपटी प्लास्टिकची डबी असते आणि तिच्यात मोजपट्टीच्या टेपसारखी गुंडाळलेली रिबन असते. हॉर्न, क्रूझ कंट्रोलची बटणं, एअरबॅग, सगळ्यांच्या तारा त्या रिबनमधून जातात. साध्या मॉडेलच्या डबीत हीटरसाठी लागणाऱ्या जाड तारा बहुतेक वेळा नसतातच. म्हणजे स्टिअरिंगबरोबर क्लॉक स्प्रिंगही बदलायची, आणि तीसुद्धा फोटो बघून नव्हे, तर आपल्या गाडीच्या व्हीआयएनवरून, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकावरून, पार्ट नंबर काढून.

यावर हुशार माणसं जुगाड काढतात. क्रूझच्या बटणाची एखादी तार मोकळी करायची आणि हीटर तिच्यावर चालवायचा. हीटर चांगला काही अँपिअर ओढतो, बटणाच्या तारेची ताकद त्याच्या जवळपासही नसते. ती तार तापते, रिबन वितळायला लागते, आणि त्याच रिबनमध्ये शेजारून एअरबॅगची लाइन गेलेली असते. क्लॉक स्प्रिंगचे पैसे वाचवायला एअरबॅगशी खेळणाऱ्या माणसाच्या गाडीत मी बसणार नाही.

आता माझ्या सगळ्यात नावडत्या चुकीकडे येतो. क्लॉक स्प्रिंग मध्यावर, म्हणजे रिबन दोन्ही बाजूंना सारखी फिरेल अशी, न ठेवता बसवणं.

ओळखीचा एक पोरगा, नागपूरचा, हात तसा चांगला. त्याने सगळे भाग बरोबर आणले होते. नव्या क्लॉक स्प्रिंगला कारखान्यातूनच एक पिन किंवा चिकटपट्टी लावलेली असते, ती डबी बरोब्बर मध्यावर अडकवून ठेवते. याने खोका उघडल्या उघडल्या ती पिन काढली. का, तर फिरते कशी ते बघायला! हातात घेऊन दोन-चार फेरे फिरवली, मग वाटलं तशी बसवून टाकली. स्टिअरिंग तापलं. त्याने लगेच व्हिडिओ पाठवला, खाली चार अंगठे. मी विचारलं, मध्य बघितलास का? उत्तर आलं, "दादा, सगळं चालतंय ना, मग झालं."

सरळ रस्त्यावर ते चालणारच. आठवडाभर चाललंही. मग एका मॉलच्या पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना त्याने स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवलं आणि आतून 'कट्' असा आवाज आला. हॉर्न गेला, बटणं गेली, हीटर गेला, समोर एअरबॅगचा लाल दिवा. उघडून बघितलं तर रिबन एका टोकाशी ताणून फाटलेली आणि उरलेली चुरगळून डबीच्या कडेला बसलेली. नवी क्लॉक स्प्रिंग परत विकत घेतली, आणि दिवा घालवायला स्कॅनरवाल्याचे पैसे वेगळे गेले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हेच.

माझी पद्धत सांगतो. पुढची चाकं सरळ करूनच गाडी उभी करायची. स्टिअरिंग काढण्याआधी शाफ्टवर आणि स्टिअरिंगच्या मधल्या भागावर मार्करने एकच सरळ रेघ मारायची, म्हणजे परत बसवताना शाफ्टचा एक दातही इकडेतिकडे होत नाही. नव्या डबीची पिन स्टिअरिंग वर चढवायच्या क्षणापर्यंत काढायची नाही. आणि पिन आधीच निघाली असेल, किंवा डबी यार्डातून आणलेली असेल, तर ती हलक्या हाताने एका टोकाला अडेपर्यंत फिरवायची, तिथून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजायचे आणि बरोबर निम्मे परत यायचं. 'हलक्या हाताने' याचा अर्थ अडल्यावर थांबायचं, अजून थोडं जोर लावून बघायचं नाही. सगळं जोडल्यावर गाडी उभी असतानाच स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघायचं. कुठे करकर वाटली तर परत उघडायचं. कंटाळा आला तरी उघडायचं.

एअरबॅगबद्दल लोक दोन टोकांना असतात. काही इतके घाबरतात की हातच लावत नाहीत. त्यांचं मला काही म्हणणं नाही, त्यांनी सरळ गॅरेजला जावं. दुसरे बॅटरीची निगेटिव्ह तार काढतात आणि लगेच स्टिअरिंगच्या मागे हात घालतात. बॅटरी काढली तरी एअरबॅगच्या कंट्रोलरमध्ये कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, भरलेला असतो. अपघातात बॅटरी तुटली तरी एअरबॅग फुटावी, यासाठीच तो ठेवलेला असतो. किती थांबायचं हे प्रत्येक कंपनीच्या पुस्तकात वेगळं असतं, टोयोटा ९० सेकंद म्हणते, होंडा ३ मिनिटं. मी तार काढून चहा ठेवतो, तो सावकाश पितो आणि मगच हात लावतो. काढलेली एअरबॅग टेबलावर ठेवताना कव्हरची बाजू वर. पालथी ठेवली आणि दुर्दैवाने फुटली तर ती उडून छपराला लागेल. तिच्या पिवळ्या कनेक्टरवर मल्टीमीटर लावून "कंटिन्युइटी (तार अखंड आहे का ते) बघू" म्हणणाऱ्याच्या हातातून मीटर काढून घ्यावा, कारण मीटरचा करंटही ती फोडायला कारण ठरू शकतो. आणि एअरबॅग सुटी असताना चावी फिरवायची नाही. तेवढ्याने गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाडाचा कोड साठतो आणि दिवा लागतो.

स्टिअरिंगबरोबर यार्डातली एअरबॅगही मिळतेय म्हणून घेऊ नका. आपली जुनी नव्या स्टिअरिंगमध्ये बसत असेल तर तीच लावा, बसत नसेल तर दुसरं स्टिअरिंग शोधा. ताकाता या जपानी कंपनीच्या सदोष एअरबॅगांचा रिकॉल एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटरांचा (एअरबॅग फुगवणाऱ्या भागांचा) होता. यार्डातली कुठून आली, कुठल्या ओलाव्यात पडून होती, हे तुम्हाला कोण सांगणार?

बाकीच्या चुका पटापट सांगतो. स्टिअरिंग निघत नाही म्हणून हातोडी मारू नका, कॉलम अपघातात दबण्यासाठी बनवलेला असतो आणि हातोडीने तो आधीच बिघडतो, पुलर (स्टिअरिंग ओढून काढायचं अवजार) वापरा. मधला बोल्ट पूर्ण काढून मग ओढू नका, चार आटे राहू द्या, नाहीतर स्टिअरिंग सुटून थेट तोंडावर येतं. बसवताना बोल्ट नवा घ्या आणि टॉर्क पान्यानेच कसा. गारठलेल्या प्लास्टिकच्या क्लिपा ओढल्या की तुटतात, तेव्हा गरम गॅरेज बघा किंवा कॅलगरीत असाल तर चिनूकच्या, म्हणजे हिवाळ्यातल्या उबदार वाऱ्याची वाट बघा. वीज घेताना कायम चालू असलेल्या फ्यूजवरून घेऊ नका, सकाळी बॅटरी झोपलेली सापडेल.

शेवटचा अडथळा सॉफ्टवेअरचा. सगळं जोडलं, बटण दाबलं, काहीच झालं नाही, असे फोन बरेच येतात. गाडीला सांगावं लागतं की तुझ्याकडे आता गरम स्टिअरिंग आहे. त्यासाठी गाडीच्या सेटिंग बदलणारी सॉफ्टवेअरं असतात, फोर्डसाठी फोरस्कॅन, रॅमसाठी अल्फाओबीडी वापरतात. क्रायसलर गटाच्या (रॅमही त्यातलीच) २०१८ पासूनच्या बऱ्याच गाड्यांत सिक्युरिटी गेटवे, म्हणजे बाहेरून सेटिंग बदलू न देणारं कुलूप आहे, तो ओलांडणारी केबल आधी घ्यावी लागते. काही बदलण्यापूर्वी मूळ सेटिंगची फाइल सेव्ह करा. आणि स्क्रीनवर बटण दिसायला लागलं म्हणून नाचू नका. बटण दिसणं वेगळं आणि हीटरपर्यंत करंट पोचणं वेगळं. खालचं मॉड्यूल किंवा वायरिंगच नसेल तर ते बटण नुसती शोभा.

एवढं सगळं करून कोणीतरी विचारतोच, "अर्धंच तापतंय, काय बिघडलं?" काही बिघडलेलं नसतं. बऱ्याच कंपन्या हीटर फक्त दोन्ही बाजूंना, हात धरतो तिथे घालतात, आणि वर लाकडी पट्टी असेल तर ती थंडच राहते. विकत घेण्याआधी त्या मॉडेलच्या मालकाला विचारा.