नाजूक विषय मांडायचाय? इंग्रजी-पोर्तुगीजमधल्या या चुका टाळा

पुण्यात ब्राझीलच्या क्लायंटबरोबर काम करणारी बरीच मुलं माझ्याकडे पोर्तुगीज शिकायला येतात. इंग्रजी चांगलं असतं, त्यामुळे अवघड मुद्दा आला की इंग्रजी शब्दालाच पोर्तुगीज शेपूट जोडून मोकळी होतात. घात तिथेच होतो.

सगळ्यात महागात पडतो तो 'एव्हेंतुआउमेंची'. हिंजवडीतल्या एका विद्यार्थ्याने साओ पावलोला मेल पाठवली. त्याला म्हणायचं होतं, 'प्रश्न नाजूक आहे, पण इव्हेंच्युअली सोडवू.' इंग्रजीत याचा अर्थ वेळ लागेल, पण होईल. पोर्तुगीजमध्ये झालं 'झालं तर सोडवू'. तिकडून लगेच कॉल, मग मॅनेजरला बोलावणं, आणि अख्खी संध्याकाळ खुलासे देण्यात गेली. तेव्हापासून मी नवशिक्यांना हा शब्द वापरूच देत नाही. 'माइस सेदू ओउ माइस तार्जी', म्हणजे आज ना उद्या, असं लिहा. त्याहून बरं म्हणजे सरळ तारीख द्या.

माझी दुसरी कायमची तक्रार क्रियापदाची. पोर्तुगीजमध्ये शंका क्रियापदात दिसते. 'एंबोरा', म्हणजे जरी, आलं की पुढे 'ए', म्हणजे आहे, नाही, तर 'असेल'सारखं रूप 'सेझा' हवं. 'ताउवेस', म्हणजे कदाचित, नंतरही तेच. मराठीत 'कदाचित तो घरी आहे' ऐकून आपला कान अडखळतो ना, 'असेल' हवं म्हणून? तसंच त्यांचं होतं. पण अ‍ॅपवर झटपट भाषा शिकणाऱ्यांना हा धडा गाळायची भारी घाई. आधी तो पक्का करा, मोठमोठे शब्द नंतर. हीच मंडळी इंग्रजीत 'मे', 'सीम्स' सोडून प्रत्येक वाक्यात 'डेफिनेटली' घालतात, आणि मुद्द्यातली सगळी बारीक छटा जाते.

'सेन्सीव्हेउ' इंग्रजी 'सेन्सिबल'सारखा वाटतो, पण अर्थ संवेदनशील; समंजस माणूस 'सेन्सातू'.

'एस्किझीतू' इंग्रजी 'एक्स्क्विझिट'सारखा, म्हणजे अतिसुंदर, वाटतो, पण अर्थ विचित्र. कुणाच्या कामाचं कौतुक या शब्दाने करू नका.

'सूक्ष्म'साठी इंग्रजीत 'सटल': बी लिहायचा, उच्चारायचा नाही. पोर्तुगालमध्ये 'सुब्तिल', तिथे बी लिहितातही आणि म्हणतातही. ब्राझीलमध्ये तो लिहीतही नाहीत. बहुतेक ठिकाणी 'सुचीउ' ऐकू येईल.

आणि ब्राझीलचा माणूस 'ए कॉम्प्लिकादू', म्हणजे शब्दशः 'गुंतागुंतीचं आहे', म्हणाला, तर तांत्रिक अडचण समजून रात्रभर सोल्यूशन लिहीत बसू नका. बऱ्याचदा तो सभ्यपणे नकार देत असतो. नेमकं कुठे अडतंय, ते आधी विचारा.