ऑनलाइन पदवी: आधी प्रश्न, मग व्हिडिओ

पहिल्या सत्रात मी एकही व्हिडिओ चुकवला नाही. वही भरली, रंगीत पेनांनी रेघा मारल्या आणि संभाव्यतेच्या पेपरात १०० पैकी ३८ गुण मिळवले. पास व्हायला ४० लागत होते. मी नोकरीत लेखा विभागात आहे. एकोणचाळिसाव्या वर्षी संख्याशास्त्राची पदवी ऑनलाइन करायला घेतली आणि साडेचार वर्षांत ती पूर्ण केली. आता कुणी ‘मीही घेऊ का प्रवेश?’ असं विचारलं की मी या ३८ गुणांपासूनच सुरुवात करते. व्हिडिओ पाहिल्याची पदवी मिळत नाही, तुम्ही काय सोडवून दाखवलं त्याची मिळते. हे मला पाच महिने घालवून कळलं.

खरं तर घरी बसून पदवी घेणं इंटरनेटच्या फार आधीचं आहे. लंडन विद्यापीठाने १८५८ साली आपल्या परीक्षा कॉलेजात न येणाऱ्यांसाठी खुल्या केल्या. अभ्यास कुठेही करा, परीक्षा आमची द्या, असा तो हिशेब होता. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने १९७१ पासून रेडिओ-टीव्ही आणि टपालाने पदवीचे धडे सुरू केले. साधनं बदलत गेली, पण पदवी मिळत राहिली ती परीक्षेचीच.

प्रवेश घेण्याआधी पहिलं काम मान्यता तपासण्याचं. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचे शिक्के पाहून समाधान मानू नका, शिक्का कुणालाही चिकटवता येतो. काही ठिकाणी तर मान्यता देणारी संस्थाच बोगस असते. ज्या देशाची पदवी आहे तिथल्या सरकारी नियामकाच्या यादीत विद्यापीठाचं नाव स्वतः शोधा. विद्यापीठ मान्य असलं तरी तो विशिष्ट अभ्यासक्रम ऑनलाइन चालवायची परवानगी आहे का, हे वेगळं पाहावं लागतं. परिचारिका, वकील, शिक्षक अशा परवान्याच्या व्यवसायात जायचं असेल तर तो परवाना देणाऱ्या परिषदेला लेखी विचारा. विद्यापीठाच्या प्रवेश विभागातला माणूस फोनवर ‘हो हो, चालतं’ म्हणेल. त्याचं काम प्रवेश करून घेणं आहे.

आणखी एक गल्लत नेहमी होते. एखाद्या विषयाचं ऑनलाइन प्रमाणपत्र ही पदवी नव्हे, मग त्यावर कितीही नामांकित विद्यापीठाचं नाव असो. पदवीवर ‘ऑनलाइन’ असं छापतात का, हेही विचारून घ्या. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या विद्यापीठाने २०१४ मध्ये संगणकशास्त्राची ऑनलाइन पदव्युत्तर पदवी सुरू केली, तिच्या प्रमाणपत्रावर तसा शब्द नसतो. सगळीकडे असंच असेल हे गृहीत धरू नका.

आता क्रेडिट. पदवी या क्रेडिटांनी मोजली जाते आणि क्रेडिट म्हणजे शेवटी तास. युरोपात पूर्णवेळ शिक्षणाच्या एका वर्षाला ६० क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटला २५ ते ३० तास, म्हणजे तीन वर्षांच्या पदवीला ४५०० ते ५४०० तास. अमेरिकी पद्धतीत पदवी साधारण १२० क्रेडिटांची असते. एका क्रेडिटला आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास घरचा अभ्यास, असं सुमारे पंधरा आठवडे. गुणाकार केलात तर तिथेही ५४०० च्या आसपास पोहोचता. ‘सवडीने करा’ असं जाहिरातीत लिहिलेलं असतं, ते या आकड्यापुढे ठेवून वाचा.

माझी पदवी १२० क्रेडिटांची होती. तरुणपणी अर्धवट सोडलेल्या कॉलेजातली ५८ क्रेडिट माझ्या खात्यावर होती, त्यातली २४ मान्य झाली. गणिताचे विषय जुळले, संगणकाचा जुना विषय कालबाह्य ठरला. जुनी गुणपत्रिका पुरत नाही, प्रत्येक विषयाचा तेव्हाचा अभ्यासक्रमही मागतात. तो जुन्या कॉलेजातून शिक्क्यासह काढून आणायला मला दोन महिने लागले. किती क्रेडिट धरणार हे शुल्क भरण्याआधी लेखी घ्या. नंतर घासाघीस करायला तुमच्या हातात काही उरत नाही.

उरलेल्या ९६ क्रेडिटांना आठवड्याचे २० तास लागणार होते. सोमवार ते शुक्रवार पहाटे पाच ते सात, शनिवारी सहा तास, रविवारी चार. हे कागदावर लिहून घरात सगळ्यांना दिसेल असं लावलं. ‘वेळ मिळेल तसा करीन’ म्हणणारे माझ्या तुकडीतले बरेचजण दुसऱ्या सत्रात दिसलेच नाहीत. हुशारीत ते माझ्या पुढे होते.

प्रत्यक्ष शिकणं कसं चालतं? लॉगिन केलं की प्रत्येक विषयाचं पान असतं. त्यात आठवड्यांप्रमाणे व्हिडिओ, वाचन, छोट्या चाचण्या आणि जमा करायचं काम. काही वर्ग ठरलेल्या वेळी थेट होतात, बाकीचं आपल्या वेळेने. थेट वर्ग किती आणि त्यांची हजेरी लागते का, हे नोकरी करणाऱ्याने आधीच विचारायला हवं.

नापास झाल्यावर मी क्रम उलटा केला. विषय उघडला की आधी मूल्यमापनाचं पान वाचायचं: कशाला किती गुण, कधी जमा करायचं. मग त्या आठवड्याची गणितं वही मिटून सोडवायला बसायचं. अडेल तिथे, आणि तेवढाच, व्हिडिओ पाहायचा. सुरुवातीला फार हताश वाटतं, कारण काहीच येत नसतं. पण याला आधार आहे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्याने आठवणीतून लिहून काढणारे पुढे जातात. माझी रंगीत वही त्या पाच मिनिटांसाठी होती. संभाव्यतेचा पेपर दुसऱ्यांदा दिला तेव्हा ७१ आले.

कामं जमा करताना एक गोष्ट मला महागात पडली. मुदत ‘रात्री ११:५९’ अशी होती, पण ती विद्यापीठाच्या घड्याळाने, आणि ते माझ्या घड्याळाच्या पुढे होतं. मी आरामात साडेदहाला जमा केलं, तर तिकडे दुसरा दिवस उजाडला होता. दहा टक्के गुण कापले. तेव्हापासून सगळ्या मुदती माझ्या वेळेत बदलून मोबाइलवर टाकते आणि एक दिवस आधीची वेळ खरी मानते. जमा झाल्याची पावती येते, ती जपून ठेवा. चुकीची फाइल चढवली तर ‘माझ्याकडे बरोबर होती’ हे कुणी ऐकत नाही.

परीक्षा घरून असेल तर कॅमेऱ्यासमोर. ओळखपत्र दाखवायचं, कॅमेरा फिरवून अख्खी खोली दाखवायची, टेबल रिकामं ठेवायचं. संगणकावर परीक्षेशिवाय दुसरं काही उघडत नाही. माझ्या दुसऱ्या परीक्षेत सासूबाई दार ढकलून आत आल्या, ‘चालू दे तुझं’ म्हणाल्या आणि कपाटातली चादर घेऊन गेल्या. यंत्रणेने त्याची नोंद केली, मग माणसाने ते चित्रण तपासलं, आणि माझा निकाल नऊ दिवस अडकला. दाराला आतून कडी लावा. विद्यापीठ सरावाची चाचणी देतं, ती ज्या संगणकावर आणि ज्या खोलीत खरी परीक्षा द्याल तिथेच द्या.

विषय झेपत नसेल तर सोडायची एक तारीख असते. तिच्या आत सोडलात तर शुल्काचा काही भाग परत मिळू शकतो आणि गुणपत्रिकेवर नापासाचा डाग पडत नाही. ही तारीख पहिल्याच दिवशी लिहून ठेवा, कारण ती जवळ आल्याची आठवण मला तरी कधी कुणी केली नाही.

शेवटचा निकाल लागला की पदवी आपोआप घरी येईल असं मला वाटत होतं. पदवीसाठी वेगळा अर्ज करायचा असतो हे सहा आठवडे वाट पाहिल्यावर समजलं. तो अर्ज करताना विद्यापीठाच्या मोहोरेच्या दोन-तीन गुणपत्रिका जास्तीच्या मागवा. आणि आपण जमा केलेली सगळी कामं उतरवून घ्या. माझं लॉगिन निकालानंतर ९० दिवसांनी बंद झालं. ३८ गुणांची ती उत्तरपत्रिका मी त्याआधीच काढून ठेवली होती.