एंड टास्क दाबायच्या आधी: कॉम्प्युटरवर काय काय चालू आहे ते कसं बघावं

सांगलीच्या मार्केट यार्डात आमच्या मामांचं अडत दुकान आहे. हळदीचे सौदे आटोपलेले, शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या कागदासाठी, दारात उभे, आणि कॉम्प्युटर ढिम्म. मी पोचलो तेव्हा मामा टास्क मॅनेजर, म्हणजे कॉम्प्युटरवर काय काय चालू आहे ते दाखवणारी खिडकी, उघडून बसले होते.

"आरं, हे एसव्हीसीहोस्ट लै दिसतंय. समदी मारून टाकू का?"

"थांबा मामा, हात लावू नका!"

हा उद्योग मी स्वतः करून बसलोय. नाव ओळखीचं वाटेना म्हणून एक प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, बंद केली, तर ती हिशोबाचा डेटाबेस सांभाळणारी निघाली. दुपारभर नोंदी पुन्हा टाईप करत होतो.

तर आधी नुसतं बघायचं. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. खिडकी अगदीच छोटी उघडली तर खालच्या 'मोअर डिटेल्स'वर क्लिक करा. मग 'डिटेल्स' टॅबवर जा. विंडोज ११ मध्ये तो डावीकडच्या पट्टीत असतो. इथं प्रत्येक प्रोसेसचं नाव, तिचा नंबर म्हणजे पीआयडी, ती कोणत्या युजरच्या नावावर चालू आहे आणि किती सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), किती मेमरी खातेय ते दिसतं. सीपीयूच्या मथळ्यावर क्लिक केलं की जास्त खाणारी वर येतात. सगळ्यात वर 'सिस्टीम आयडल प्रोसेस' ९० टक्क्यांच्या पुढं दिसली तर घाबरू नका. तो प्रोसेसरचा रिकामा वेळ आहे, खाणारा कोणी नाही. तिचा पीआयडी कायम ० असतो.

आता खरं काम. यार्डात पोत्यावरचं नाव वाचून हळद कोणी घेत नाही, कांडी मोडून आतला रंग बघतात. इथंही तसंच. कॉलमच्या मथळ्यावर उजवं क्लिक करून 'सिलेक्ट कॉलम्स' उघडा आणि 'इमेज पाथ नेम' व 'कमांड लाइन' यांवर टिक करा. आता प्रत्येक प्रोसेसची फाइल कुठं ठेवलेली आहे ते कळेल. एसव्हीसीहोस्टच्या पन्नासेक प्रती दिसणं नेहमीचंच आहे, कारण विंडोजच्या कितीतरी सेवा त्यातूनच चालतात. पण अस्सल फाइल विंडोजच्या सिस्टीम३२ फोल्डरमध्ये असते. त्याच नावाची फाइल तुमच्या डाउनलोड्स किंवा ॲपडेटा फोल्डरमध्ये सापडली, किंवा नावात व्ही आणि सीची अदलाबदल दिसली, तर इंटरनेट तोडा आणि अँटीव्हायरसनं पूर्ण स्कॅन करा. इथं नुसतं 'एंड टास्क' करून, म्हणजे प्रोसेस जबरदस्तीनं बंद करून, भागत नाही, असली फाइल बहुतेक वेळा पुन्हा चालू होते.

एखाद्या बाहेरच्या सॉफ्टवेअरबद्दल शंका असेल तर त्याच्यावर उजवं क्लिक, 'प्रॉपर्टीज', मग 'डिजिटल सिग्नेचर्स' टॅब. कंपनीचं नाव फाइलवर कोणीही लिहू शकतं, सही तशी सहज जमत नाही. मात्र सही नाही म्हणजे फाइल वाईटच, असंही नाही.

अजून खोलात जायचं असेल तर मायक्रोसॉफ्टचं 'प्रोसेस एक्सप्लोरर' फुकट मिळतं. ते प्रोसेसची वंशावळ दाखवतं, कोणी कोणाला जन्म दिला ते. रोजच्या वापराला मला त्याची गरज पडत नाही.

मामांचे एसव्हीसीहोस्ट सगळे सिस्टीम३२ मधलेच निघाले. सीपीयू खात होती 'स्पूलएसव्ही', म्हणजे छपाईची रांग सांभाळणारी प्रोसेस. तीही अस्सलच. रांग उघडली तर एकच पट्टी बावीस वेळा.

"मामा, प्रिंटर चालू होता का?"

"कागद येईना, म्हणून दाबत हुतो की!"

रांगेतली सगळी कामं रद्द केली, 'सर्व्हिसेस' टॅबमध्ये 'स्पूलर'वर उजवं क्लिक करून 'रीस्टार्ट' केलं, आणि प्रिंटरचं बटण चालू केलं.