कापड कुठे विरले आणि कधी

मी मूळचा इचलकरंजीचा. वस्त्रोद्योगाचे शिक्षण घेऊन नोकरीसाठी जर्मनीत आलो आणि रविवारच्या जुन्या बाजारात भटकता भटकता दुसऱ्या महायुद्धातील जर्मन कॅमोफ्लाज (सैनिक आसपासच्या झाडीत मिसळून जावा अशा नक्षीच्या) कापडाच्या नादी लागलो. नव्याने या छंदाकडे वळणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘वस्तू खरी की खोटी’ हा असतो. माझ्या अनुभवाने त्याहून अवघड प्रश्न दुसराच आहे: वस्तू खरी असली, तरी तिच्यावरची झीज युद्धातली की नंतरची?

मी सुरुवात त्सेल्टबानपासून केली. १९३१ साली आलेला हा त्रिकोणी, घट्ट विणीचा सुती तुकडा सैनिक पावसात अंगावर घेत, आणि असे चार तुकडे बटणांनी जोडून तंबू उभारत. त्यावरील कोनदार नक्षीला स्प्लिटर म्हणतात. एक बाजू गडद, दुसरी फिकट. अशाच एका तुकड्यावर मी अतिनील प्रकाशाची बॅटरी धरली, तो निळसर चमकला आणि मी विक्रेत्याला तोंडावर ‘नकली’ म्हणून मोकळा झालो. कापडाला उजळ दाखवणारी रसायने धुण्याच्या पावडरींत सर्रास आली ती प्रामुख्याने युद्धानंतर, एवढे मला ठाऊक होते. पण खरा जुना तुकडा पुढे कधीतरी घरात धुतला गेला तरी तोही चमकणारच, ही साधी गोष्ट मला सुचली नाही. काही महिन्यांनी एका वयस्क संग्राहकाने स्वतःच्या तुकड्याची उसवलेली किनार उलगडून दाखवली. बाहेरचे कापड मंद चमकत होते, दुमडीच्या आतला भाग मात्र काळोखा होता. म्हणजे चमक वरून आलेली, धुण्यातून. आता मी चमक आहे का एवढेच पाहत नाही, ती कुठे थांबते तेही पाहतो. कापड निस्तेज आणि केवळ शिवणीचा दोरा लख्ख चमकत असेल, तर ती शिवण बहुधा नंतरची असते. ज्योतीला धरल्यावर दोरा वितळून त्याचा मणी झाला आणि तो पॉलिएस्टरचा ठरला, तर प्रश्नच मिटतो, कारण पॉलिएस्टरचे व्यापारी उत्पादन युद्धानंतरचे आहे. मात्र ‘कृत्रिम धागा म्हणजे नंतरचा’ असा सरसकट नियम करू नये. पेरलॉन हा नायलॉनसारखा धागा जर्मनीत १९३८ मध्येच तयार झाला होता, आणि युद्धकाळात सुताची टंचाई असल्याने रेयॉनमिश्रित कापडही भरपूर वापरले गेले.

त्याच कॅमोफ्लाज कापडाच्या जाकिटांवर उन्हाने उडालेला रंग पारखण्याची जागा म्हणजे खिशाचा फ्लॅप. तो उचलला की खालचा रंग वरच्यापेक्षा ताजा दिसला पाहिजे, आणि ताज्या-फिक्या रंगांमधली सीमा फ्लॅपच्या कडेशी जुळली पाहिजे. फ्लॅपखाली आणि शिवणीच्या पोटातही रंग तितकाच फिका असेल, तर ऊन नव्हे, ब्लीच.

गंजही असाच वाचता येतो. लोखंडी आयलेट (दोरी ओवण्याच्या भोकाचे कडे) ओलसर कोठारात वर्षानुवर्षे राहिले की गंज ताण्या-बाण्याच्या दिशेने पाझरतो, डागाची कडा पुसट होत जाते आणि तेथील सूत ठिसूळ होते. ब्रशने लावलेला गंज वरच्या वर बसतो. आत निर्मात्याचा शिक्का असल्यास (१९४२-४३ पासून नावाऐवजी बहुधा क्रमांक) तोही कापडाबरोबरच झिजलेला हवा. कापड विरलेले आणि शाई कोरी करकरीत, असे दिसले की मी वस्तू खाली ठेवतो.

झीज कुठे आहे, हा खरा रसाचा भाग. जमिनीवर पालथे सरपटणाऱ्याची कोपरे आणि पोटाकडचा भाग घासतो, पट्ट्याखाली कमरेभोवती आडवी रेघ उमटते, बंदुकीच्या पट्ट्याने एक खांदा अधिक विरतो. १९४५ नंतर कपड्यांची इतकी चणचण होती की लोकांनी सैनिकांची हीच जाकिटे चिन्हे उसवून, कधी रंगवून, शेतात वापरले आणि त्सेल्टबान फाडून पिशव्या व विजारी शिवल्या. तेव्हाची झीज गुडघ्यांवर आणि बैठकीवर जास्त, सोबत चुना किंवा रंगाचे शिंतोडे. अशा वस्तूला मी नकली म्हणत नाही, तिचा इतिहास फक्त लांबलेला असतो, आणि मला तर तो अधिक आवडतो. किंमत मात्र तशीच लावावी. स्प्लिटर नक्षी बुंडेसवेअरने (पश्चिम जर्मनीच्या नव्या सैन्याने) १९५० च्या दशकात पुन्हा वापरली होती, हेही ध्यानात असू द्यावे.

एका ठिकाणी मात्र ही सारी विद्या लंगडी पडते. पुढच्या दशकांत मूळ जाकिटे चित्रपटांत आणि लढायांच्या हौशी पुनर्निर्मितीत वापरली गेली. तिथेही माणूस पट्टा बांधून चिखलात सरपटतोच, त्यामुळे झीज नेमक्या त्याच जागी पडते. माझ्या कपाटातल्या एका जाकिटाची दोन्ही कोपरे अशी सुरेख विरलेली आहेत, रफूचा दोरा सुती आहे, चमकत नाही. मी त्याच्या चिठ्ठीवर ‘मूळ वस्तू, झीज अनिश्चित’ एवढेच लिहिले आहे.