शंभर वॅटचा रेडिओ आणि पाच वॅटचा लिनियर

लातूरला आमच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली आहे. मे महिन्यातील एका संध्याकाळी त्या खोलीत माझ्या पहिल्या लिनियरमधील, म्हणजे रेडिओची शक्ती वाढवणाऱ्या बाहेरच्या अॅम्प्लिफायरमधील, मॉस्फेटची (शक्ती वाढवणाऱ्या ट्रान्झिस्टरांची) जोडी एका शब्दात गेली. तो शब्द ‘हॅलो’ होता, आणि खरे सांगायचे तर त्यातील ‘लो’ उच्चारेपर्यंत सगळे आटोपले होते. रेडिओवर पॉवर ५ वॅट ठेवली होती, लिनियरच्या माहितीपत्रकात जास्तीत जास्त ड्राइव्ह (आत द्यायची शक्ती) ५ वॅट असे छापले होते, आणि जोडण्यापूर्वी वॅटमीटर लावून तीनदा पाहिले तेव्हा तिन्ही वेळा काटा ५ वर येऊन थांबला होता. हौशी रेडिओचा परवाना नुकताच हाती पडलेल्या आणि आता बाहेरचा अॅम्प्लिफायर जोडावा असे मनात असलेल्या वाचकांसाठी हे लिहीत आहे, कारण ही चूक निष्काळजी माणसाकडून होत नाही. मोजूनमापून काम करणाऱ्याकडूनच होते.

रेडिओ १०० वॅटचा, वापरलेला, पण चांगल्या स्थितीतील होता. लिनियर ५० व्होल्टवर चालणारा, एलडीमॉस जातीच्या दोन मॉस्फेटचा, ५ वॅट आत दिले की ३०० वॅट बाहेर देणारा. आपल्याकडे सर्वसाधारण वर्गाच्या परवान्याला एचएफ (लघुलहरींच्या) पट्ट्यांवर ४०० वॅटची मर्यादा आहे आणि निर्बंधित वर्गाला ५० वॅटची, त्यामुळे निर्बंधित परवाना असलेल्याने १०० वॅटचा रेडिओसुद्धा खाली आणूनच वापरायचा असतो. माझा परवाना सर्वसाधारण वर्गाचा होता, म्हणून ३०० वॅट नियमात बसत होते. मात्र १०० चे ३०० वॅट झाले तरी वाढ साधारण ४.८ डीबीची (डेसिबलची) होते, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या समोरच्याच्या एस-मीटरवर एक पूर्ण घरही नाही, हे त्या वेळी मला कोणी सांगितले असते तर कदाचित ते पैसे मी अँटेनाची उंची वाढवण्यावर घातले असते. ४० मीटरच्या पट्ट्यावर उन्हाळ्यात वळवाच्या विजांची जी खरखर चालते, तिच्यातून आवाज वर यावा एवढाच माझा हेतू होता.

आता ते मॉस्फेट का गेले ते पाहू. रेडिओवरील पॉवरचे बटण ५ वर ठेवले म्हणजे रेडिओ ५ वॅटचा झाला, असे आपण धरून चालतो. अनेक संचांत, विशेषतः जुन्या संचांत, तसे होत नाही. शेवटचा टप्पा १०० वॅटचाच राहतो. बाहेर किती शक्ती जात आहे ते एक परिपथ मोजतो आणि त्यानुसार एएलसीचे (आपोआप शक्ती आवरणाऱ्या योजनेचे) व्होल्टेज तयार करून आधीच्या टप्प्यांचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचे प्रमाण, खाली ओढतो. पण बाहेर काही गेल्याशिवाय मोजायला काही नसते, म्हणून बोलण्याच्या पहिल्या काही मिलिसेकंदांत गेन पूर्ण उघडा राहतो आणि संच आपली सगळी ताकद बाहेर फेकतो. त्यानंतर लगाम बसतो आणि शक्ती ५ वॅटवर येते. बोलण्यात थोडा खंड पडून एएलसी सैल झाली की पुढच्या अक्षराला पुन्हा तेच घडू शकते. नव्या संचांतील बरेच या बाबतीत सुधारलेले आहेत, पण हातातील संच सुधारलेल्यांपैकी आहे की नाही हे त्याच्या मेनूवरून कळत नाही.

मी दोन दिवस लिनियरलाच दोष देत होतो. तिसऱ्या दिवशी अंबाजोगाईचे एक ज्येष्ठ हॅम (हौशी रेडिओवाले), ज्यांना आमच्या भागात सगळे नुसते सर म्हणतात, कामानिमित्त लातूरला आले आणि घरी डोकावले. मी त्यांना पुन्हा तोच वॅटमीटर लावून काटा ५ वर थांबतो हे दाखवले. त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, “काटा हलेपर्यंत ते गेलेलं असतंय, बाबा. त्याला वजन आहे, मॉस्फेटला नाही.” मग त्यांच्याच सांगण्यावरून मी संच उचलून, जिथे मी डिप्लोमा केला त्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नेला.

तिथे ५० ओहमच्या डमी लोडवर (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणाऱ्या रेझिस्टरवर) रेझिस्टरचा विभाजक करून ऑसिलोस्कोपला एक दशांश व्होल्टेज दिले, कारण १०० वॅटला ५० ओहमवर शिखर ते शिखर २०० व्होल्ट होतात आणि ते थेट स्कोपला देणे बरे नव्हे. स्कोप एकदाच टिपून थांबेल असा लावला, रेडिओवर ५ वॅट ठेवले आणि माइकमध्ये ‘हॅलो’ म्हटले. पडद्यावर जे आले ते अजून डोळ्यांसमोर आहे: डाव्या कडेला एक उंच, अरुंद ठोकळा, शिखर ते शिखर जवळजवळ २० व्होल्टचा, आणि त्याच्या उजवीकडे एकदम खाली बसलेली साडेचार व्होल्टची पट्टी. ५० ओहमवर शिखर ते शिखर व्होल्टेजचा वर्ग करून ४०० ने भागले की वॅट मिळतात; विभाजकाचे दहापट धरून २०० चे १०० वॅट होतात आणि ४५ चे सुमारे ५. काटा ज्याला ५ म्हणत होता त्याच्या आधी १०० येऊन गेले होते. या जातीच्या मॉस्फेटचे गेट, म्हणजे ड्राइव्ह जिथे आत जातो ते टोक, धन बाजूला साधारण १० व्होल्टपर्यंतच सहन करते आणि त्यातील ऑक्साइडचा पातळ थर एकदा फुटला की फुटला. तो गरम होऊन मरत नाही, त्यामुळे हीटसिंक कितीही मोठा असला तरी उपयोग नसतो.

म्हणून ड्राइव्ह जुळवताना बटण कितीवर ठेवले आहे याकडे पाहू नये, संच बिघडून, चुकून किंवा अनवधानाने जास्तीत जास्त किती देऊ शकतो तेवढेच पाहावे. १०० वॅटचा संच आणि ५ वॅटचा लिनियर यांच्यात वीसपटीचा फरक आहे, म्हणजे १३ डीबी. तेवढ्या १३ डीबीचा रेझिस्टरचा पॅड, म्हणजे शक्ती ठरावीक प्रमाणात घटवणारी जोडणी, लिनियरच्या इनपुटला कायमचा बसवला की संचाने पूर्ण शंभर दिले तरी गेटपर्यंत पाचच पोहोचतात. मेनूतील आकडा कोणी बदलू शकतो, घरातील लहान मूल बटण फिरवू शकते, वीज जाऊन आल्यावर एखादा संच भलत्याच सेटिंगवर उठू शकतो. सोल्डर केलेला रेझिस्टर मात्र जागचा हलत नाही.

डिप्लोमाला पॅडचा प्रश्न दोन गुणांना असायचा आणि आम्ही सूत्र पाठ करून जायचो. प्रत्यक्षात बनवताना कळते की त्यातील तीन रेझिस्टरांवर सारखा भार नसतो. ५० ओहमसाठी १३ डीबीच्या पाय (π या अक्षराच्या आकाराच्या) जोडणीत दोन्ही बाजूंना जमिनीकडे सुमारे ७९ ओहम आणि मध्ये १०६ ओहम येतात. आत १०० वॅट दिले तर पहिला ७९ ओहम एकटाच ६३ वॅट पितो, मधला २८, शेवटचा जेमतेम ३, आणि उरलेले ५ वॅट पुढे जातात. ७९ ओहम बाजारात मिळत नाही म्हणून मी १०० आणि ३९० समांतर लावले, मधल्यासाठी १०० ला ५.६ ओहम मालिकेत जोडला आणि शेवटी साधा ८२ ओहम वापरला. एवढ्या फरकाने काही बिघडत नाही. पण रेझिस्टर बिनकुंडलीचे, पत्र्याला स्क्रूने आवळता येतील असे जाड थराचेच हवेत. टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात सिमेंटचा १० वॅटचा रेझिस्टर लगेच मिळतो, पण त्याच्या आत तार गुंडाळलेली असते, आणि ७ मेगाहर्ट्झवर ती तार आपले कुंडलीपण दाखवल्याशिवाय राहत नाही. हीटसिंक निवडताना कंजुषी करू नये. आमच्या पत्र्याखाली मे महिन्याच्या दुपारी ४२ अंशांत हीटसिंक आधीच कोमट असतो, आणि एफटी-८ सारख्या, संगणकाने संदेश पाठवण्याच्या पद्धतीत दर वेळी सलग सुमारे तेरा सेकंद वाहक लहर चालू राहिली की अर्ध्या तासात त्याला हात लावणे कठीण होते. बोलण्यात सरासरी बरीच कमी पडते, म्हणून तिथे तेवढी अडचण येत नाही.

पॅडमुळे आणखी एक फायदा होतो जो मला नंतर उमगला. लिनियरचे इनपुट कसेही असले, अगदी तुटलेले असले, तरी रेडिओला समोर जवळजवळ ५० ओहमच दिसतात, कारण परत फिरणारी शक्ती दोनदा पॅडमधून जाते आणि २६ डीबीने घटते. एसडब्ल्यूआर, म्हणजे जुळणी किती बिघडली आहे ते दाखवणारा आकडा (१ म्हणजे अचूक), १.१ च्या आसपास राहतो. पूर्वी रेडिओ कधी कधी कुरकुरत स्वतःची शक्ती कमी करायचा, ते बंद झाले.

आता माझी दुसरी चूक. पॅड बनवला आणि रेडिओ व लिनियर यांच्यामधील केबलमध्ये बाहेरच लावला. त्या संध्याकाळी पट्टा अगदी मेल्यासारखा वाटला. पुणे नाही, हैदराबाद नाही, सूर्यावर काही झाले असेल असे समजून मी झोपलो. ऐकताना सिग्नल त्याच वाटेने उलट येत होता आणि १३ डीबी, म्हणजे एस-मीटरची दोन घरे, पॅडमध्ये जिरत होती. पॅड लिनियरच्या आत, ऐकण्याची आणि बोलण्याची वाट बदलणाऱ्या रिलेच्या पुढे, फक्त ड्राइव्हच्या वाटेवर हवा, म्हणजे ऐकताना आणि लिनियर बंद ठेवून बोलताना तो मध्ये येत नाही.

रिलेचा विषय निघालाच आहे, तर रेडिओने लिनियरचा रिले चालू करण्याच्या जोडणीच्या तारेबद्दलही सांगतो. लिनियरचा रिले बसायला दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात आणि रेडिओने त्याआधीच शक्ती सोडली तर रिलेचे संपर्क ठिणगीखाली जुळतात व काही महिन्यांत जळतात. मेनूत ट्रान्समिट डिले असेल तर तो रिलेच्या वेळेपेक्षा थोडा जास्त ठेवावा. दुसरे असे की जुन्या व्हॉल्व्हच्या लिनियरमध्ये रिलेच्या तारेवर १०० व्होल्टच्याही वर व्होल्टेज असू शकते. रेडिओच्या आतील छोटा ट्रान्झिस्टर ते सोसत नाही. मल्टिमीटरने मोजल्याशिवाय ती तार रेडिओला लावू नये, आणि जास्त आढळले तर मध्ये एक वेगळा रिले किंवा बफर घालावा. लिनियरमधून रेडिओकडे येणारी एएलसीची तारही जोडावी, पण तिच्या भरवशावर राहू नये, कारण तीसुद्धा घटना घडून गेल्यावरच बोलते.

नव्या मॉस्फेटची जोडी बसवल्यावर मी पहिल्यांदा जे केले ते अजूनही दर वेळी करतो. आधी आउटपुटला अँटेना नाही, डमी लोड. मग ड्राइव्ह न देता बायसचा (मॉस्फेटमधून मुळातच वाहणारा) प्रवाह पाहायचा. नंतर रेडिओ १० वॅटवर, म्हणजे गेटकडे अर्धा वॅट, आणि बाहेर सुमारे ३० वॅट येतात की नाही ते पाहत हळूहळू वर जायचे. अँटेनाचा एसडब्ल्यूआर २ झाला की ११ टक्के शक्ती परत येते आणि ३ झाला की २५ टक्के; ३०० वॅटचे २५ टक्के म्हणजे ७५ वॅट, म्हणून १.५ च्या वर असेल तर लिनियर चालूच करत नाही. आज पॅड पुन्हा बनवायचा झाला तर मी १५ डीबीचा बनवीन. बाहेर ३०० ऐवजी साधारण १९० वॅट मिळतील, समोरच्याला तो २ डीबीचा फरक जाणवणारही नाही, आणि संचाने कधी १०० च्या वर उडी मारली तरी जागा शिल्लक राहील.

व्हीएचएफवरही (एचएफच्या वरच्या पट्ट्यांवरही) हेच लागू पडते, फक्त तिथे माणसे उलट बाजूने अडकतात. ५ वॅटच्या हातातील वॉकीटॉकीसाठी घेतलेला, इनपुटला २ ते ५ वॅट लिहिलेला छोटा अॅम्प्लिफायर पुढे गाडीतील २५ वॅटच्या संचाला लावला जातो, कारण कनेक्टर तोच असतो.

मागच्या दिवाळीत परभणीचा एक मित्र आपला ५ वॅटचा छोटा संच घेऊन आला आणि मी खाली फराळ आणायला गेलो असताना त्याने तो माझ्या लिनियरला लावला. वर आलो तर तो काळजीत होता: अॅम्प्लिफायर ३०० चा, बाहेर जेमतेम १५ वॅट, काही गेले की काय? काहीच गेले नव्हते; त्याच्या ५ वॅटमधून पॅडने पाव वॅट पुढे पाठवला होता आणि लिनियरने त्याचे इमानदारीने साठपट केले होते. त्याच दिवशी इनपुटच्या कनेक्टरजवळ एक पट्टी चिकटवली: ‘आत १३ डीबीचा पॅड आहे. १०० वॅटच्या रेडिओसाठीच.’