स्वतः बनवायचं की बाहेरून घ्यायचं: दराच्या पलीकडे काय तपासावं

"हा भाग आपणच का बनवू नये?" हा प्रश्न कारखान्यात बहुधा एकाच मुहूर्तावर निघतो: सप्लायरनं दर वाढवून मागितला की. मग एक्सेल उघडतं. एका रकान्यात सप्लायरचा नवा दर, दुसऱ्यात आपला अंदाजे खर्च, आणि ज्याचा आकडा लहान तो जिंकला. माझी नोकरी खरेदी आणि कॉस्टिंग या दोन खात्यांत गेली, आणि त्या दोन रकान्यांवर माझा फारसा विश्वास नाही. आकडे खोटे नसतात, पण ते आजचे असतात. निर्णयाचे परिणाम मात्र मशीन जुनं होईपर्यंत भोगायचे असतात.

म्हणून दराकडे शेवटी बघा. आधी खालच्या गोष्टी तपासा. मी ज्या क्रमानं बघते त्याच क्रमानं सांगते.

त्याआधी एक पाया. 1937 मध्ये रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञानं विचारलं होतं की बाजार सगळं इतकं छान जुळवून आणतो, तर मुळात कंपन्या असतातच कशाला? प्रत्येक काम रोजच्या रोज बाहेरून का करून घेत नाहीत? त्याचं उत्तर असं की बाजारात जायलाही खर्च येतो. सप्लायर शोधा, घासाघीस करा, करार लिहा, आलेला माल तपासा, बिघडला तर भांडा. कोटेशनवर यातलं काहीच छापलेलं नसतं. आणि कंपनीच्या आतही काम फुकट होत नाही. तिथं देखरेख लागते, सुस्ती येते, खात्याखात्यांचं राजकारण चालतं. तुलना या दोन खर्चांची आहे. कोसला 1991 चं नोबेल मिळालं, पण खरेदी विभागाच्या तक्त्यात त्याचा रकाना अजून आलेला नाही.

उद्या कोणाचा हात दगडाखाली असेल?

सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा. सही होण्याआधी तुमच्यासमोर पाच सप्लायर असतात. सही झाल्यावर किती उरतात, हा खरा प्रश्न.

पत्र्याच्या एखाद्या भागाची डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, घ्या. ती तुमच्या ड्रॉइंगप्रमाणे बनते, म्हणजे तिच्यातून दुसऱ्या कोणाचा भाग निघत नाही. ती सप्लायरच्या प्रेसवर (पत्रा दाबणाऱ्या मशीनवर) बसवलेली असते: त्याच्या बेडच्या मापाची, त्याच्या टनेजची (दाबाच्या ताकदीची), त्याच्या शट हाइटची (प्रेस पूर्ण खाली आल्यावर डायसाठी उरणाऱ्या उंचीची). तिच्यावर तुमच्या कंपनीच्या नावाची पट्टी रिव्हेट केलेली असते, कारण पैसे तुम्ही दिलेत. कागदोपत्री तुम्ही उद्या ट्रक पाठवून ती उचलू शकता. प्रत्यक्षात दुसऱ्याच्या प्रेसवर ती जशीच्या तशी बसत नाही. क्लॅम्पिंग बदलावं लागतं, ट्रायल घ्याव्या लागतात, सॅम्पल पास करून घ्यावे लागतात. तोवर तुमची लाइन कशावर चालणार? हे गणित सप्लायरलाही येतं, आणि दरवाढीचं पत्र तो नेमकं तुमचा नवा मॉडेल बाजारात आल्यावर पाठवतो. अडला हरी, दुसरं काय.

उलट बाजूही बघा. तुमच्या एकट्यासाठी सप्लायरनं लाइन टाकली, तर अडकलेला तो असतो. शहाणा सप्लायर हे आधीच ओळखतो आणि लाइन टाकतच नाही, किंवा जुन्या मशीनवर कसंबसं काम काढून देतो. म्हणजे भांडण न होताही तुमचं नुकसान झालंच. ऑलिव्हर विल्यमसन या अर्थशास्त्रज्ञानं (नोबेल 2009) सगळी मांडणी याच मुद्द्यावर उभी केली: गुंतवणूक दुसरीकडे जितकी कमी उपयोगाची, तितका बाजार धोक्याचा आणि एका छताखाली येणं शहाणपणाचं.

याचा चांगला पुरावा कोळशाच्या वीजकेंद्रांत सापडतो. पॉल जोस्को या अर्थशास्त्रज्ञानं अमेरिकेतली वीजकेंद्रं आणि कोळसा खाणी यांच्यातले करार तपासले. खाणीच्या तोंडाशीच उभारलेलं केंद्र त्या एका खाणीवर अवलंबून असतं आणि खाण त्या केंद्रावर. अशा ठिकाणी करार फार लांब मुदतीचे निघाले, किंवा खाणीची मालकीच वीज कंपनीकडे. जिथं अनेक खाणींतून कोळसा येऊ शकतो, तिथं लोक आखूड करारांवर भागवतात.

पुस्तकी उदाहरण मात्र जनरल मोटर्स (जीएम) आणि तिला गाड्यांच्या बॉड्या पुरवणाऱ्या फिशर बॉडीचं देतात. 1919 मध्ये जीएमनं फिशरचे 60 टक्के शेअर घेतले, पक्क्या छताच्या गाड्यांच्या बॉड्या पुरवण्याचा दहा वर्षांचा करार झाला, आणि 1926 मध्ये उरलेली कंपनीही घेऊन टाकली. फिशरनं कराराच्या आडून जीएमला वेठीला धरलं म्हणून हे घडलं, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. नव्वदीला टेकलेल्या कोसनं 2000 मध्ये जुने कागद पाहून सांगितलं की असं वेठीला धरल्याचा पुरावा दिसत नाही. मला ही गोष्ट आवडते. आपल्या कंपनीतल्या "त्या सप्लायरनं आपल्याला कसं लुटलं" या दंतकथाही एकदा जुन्या फाइली काढून तपासाव्यात.

ड्रॉइंगवर सगळं लिहिता येतं का?

बोल्ट असेल तर माप, ग्रेड, प्लेटिंग लिहिलं की झालं. आलेला बोल्ट गेजवर तपासता येतो, भांडायला जागा नाही. बाहेरूनच घ्या, चर्चासुद्धा नको.

पण ज्या भागाचं डिझाइन अजून हलतंय, ज्यासाठी दोन्हीकडच्या इंजिनिअरांना रोज बोलावं लागतं, तिथं करार अपुराच राहणार. प्रत्येक बदलाला नवं कोटेशन, प्रत्येक कोटेशनला आठवडा. मॉन्टेव्हर्डी आणि टीस या संशोधकांनी 1982 मध्ये फोर्ड आणि जीएमचे 133 भाग तपासले, तेव्हा ज्या भागात इंजिनिअरिंगची मेहनत जास्त, तो कंपनी स्वतः बनवत असण्याची शक्यता जास्त निघाली.

हे न जुमानता काय होतं ते बोइंगच्या 787 नं दाखवलं. विमानाचे मोठेमोठे तुकडे, डिझाइनसकट, बाहेरच्या भागीदारांकडे दिले. पहिलं विमान 2008 मध्ये द्यायचं होतं, ते 2011 च्या सप्टेंबरमध्ये दिलं गेलं. मधल्या काळात, 2009 मध्ये, बोइंगनं साउथ कॅरोलिनातला एका भागीदाराचा कारखानाच विकत घेतला. बाहेर दिलेलं काम परत आत आणायचं तर ते असं, घाईत आणि महागात येतं.

आपली गरज मशीन भरते का?

हे पटकन होतं. भाग महिन्याला किती लागतो, आणि परवडेल अशा लहानात लहान मशीनची क्षमता किती? तुमची गरज एका शिफ्टचा तुकडाही भरत नसेल तर विषय बंद. सप्लायर तेच मशीन पाच गिऱ्हाइकांवर चालवतो. "उरलेली कपॅसिटी बाहेर विकू" असं मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतंच. तुमचा स्पर्धक तुमच्याकडून भाग का घेईल, एवढंच विचारा.

नफ्यावर नफा

सप्लायर कच्चा माल विकणारा एकटाच आणि तुम्हीही तुमच्या बाजारात जवळपास एकटेच, अशी जोडी असेल तर एक वेगळंच नुकसान होतं. सोपं उदाहरण. भाव 100 ठेवला तर एकही नग खपत नाही, आणि भाव एकानं उतरवला की एक नग जास्त खपतो. नग बनवायला 20 लागतात. दोघं एकच कंपनी असतील तर सगळ्यात फायद्याचा भाव 60, खप 40, नफा 1600. वेगळे असतील तर सप्लायर स्वतःचं हित बघून तुम्हाला 60 ला विकतो, तुम्ही त्यावर आपला नफा लावून 80 ला. खप 20 वर येतो. सप्लायरला 800, तुम्हाला 400, मिळून 1200. गिऱ्हाइकाला महाग आणि दोघांना मिळून कमी. एकत्र येण्याचं हे खरं कारण असू शकतं. पण सप्लायर दहा असतील तर त्यांचा नफा आधीच घासून पातळ झालेला असतो; "त्याचा मार्जिन आपण वाचवू" या वाक्यात तिथं काही दम नाही.

रागाच्या भरात शेती

हेन्री फोर्डचा रूज कारखाना सगळ्यांना माहीत असतो. 1917 ते 1928 या काळात उभा राहिला. एकीकडून लोहखनिज आत, दुसरीकडून गाडी बाहेर. त्याच फोर्डनं ब्राझीलच्या जंगलात टायरसाठी रबराची लागवड काढली, ती फोर्डलांडिया. तेव्हा ब्रिटिशांनी त्यांच्या वसाहतींतल्या रबराच्या निर्यातीवर 1922 पासून बंधनं घातली होती आणि भाव चढले होते. ती बंधनं 1928 मध्ये उठली, म्हणजे फोर्डचं काम सुरू होतंय त्याच सुमारास. रबराचं झाड चीक द्यायला काही वर्षं घेतं. दाटीनं लावलेल्या झाडांवर पानांचा रोग पडला, आणि 1945 मध्ये सगळं ब्राझील सरकारला विकून कंपनी मोकळी झाली. रबर ही जगभर विकली जाणारी वस्तू. भाव चढला हे दुखणं होतं, पण अडकण्याचं नव्हे. त्याला लांब मुदतीचा करार किंवा साठा पुरतो.

आता तो तक्ता

इथवर आल्यावर दर बघा, पण दोन ठिकाणी बोट ठेवून. आत आणताना लोक टूलरूमचा (साचे बनवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या खात्याचा) वेळ, रिजेक्शन, जास्तीचा साठा आणि सुपरवायझरचं लक्ष धरत नाहीत. बाहेर देताना उलटं: शेडचं भाडं आणि मॅनेजरचा पगार "वाचला" म्हणून दाखवतात. तो भाग गेला तरी शेड तिथंच आहे आणि मॅनेजरही. तो खर्च उरलेल्या भागांच्या डोक्यावर बसतो, मग ते महाग दिसू लागतात, मग तेही बाहेर जातात.

तुकडे पाडा

"बनवा की घ्या" हा प्रश्न अख्ख्या भागाला विचारू नका, त्याच्या एकेका टप्प्याला विचारा. अॅपलनं 2020 मध्ये मॅकसाठी इंटेलच्या चिपऐवजी स्वतःची चिप आणायला सुरुवात केली, पण ती छापण्याचा कारखाना काढला नाही. ते काम तैवानची टीएसएमसी करते. ज्यात वेगळेपण आहे ते डिझाइन घरात, ज्यात प्रचंड भांडवल आणि अनेक गिऱ्हाइकं लागतात ते उत्पादन बाहेर.

लहान कंपनीलाही हे जमतं. डाय आपल्या मालकीची ठेवा आणि ती किमान दोन सप्लायरांच्या प्रेसवर बसेल अशीच बनवून घ्या. थोडी महाग पडते, पण दरवाढीच्या पत्राला उत्तर तयार असतं. कच्च्या मालाचा भाव बाजारभावाच्या निर्देशांकाला बांधा, म्हणजे दरवेळी तंटा नको. आणि जमलं तर गरजेचा थोडा हिस्सा स्वतः बनवा. खरा खर्च किती येतो हे एकदा हातानं कळलं की सप्लायरशी बोलणं फार कमी वेळात संपतं.

पूर्ण आत आणायचं ठरलंच, तर जुन्या सप्लायरला एकदम तोडू नका. ट्रायल पास होऊन काही महिने स्थिर उत्पादन निघेपर्यंत त्याचं शेड्यूल चालू ठेवा. आतल्या खात्यालाही सांगून ठेवा की दरवर्षी बाहेरचं कोटेशन येणार आहे, कारण गिऱ्हाईक कुठं जात नाही हे कळलं की कुठलंही खातं सैलावतं. जीएमनं 1999 मध्ये डेल्फी आणि फोर्डनं 2000 मध्ये व्हिस्टिऑन हे आपले सुटे भागांचे विभाग वेगळे काढले, त्यामागे हेही एक दुखणं होतंच. फक्त ते कोटेशन खरं असू द्या. नुसतं तुलनेपुरतं विचारताय हे सप्लायर दुसऱ्या वर्षी ओळखतो आणि मनाला येईल तो आकडा टाकून पाठवतो. म्हणून अधूनमधून त्याला छोटी का होईना, ऑर्डर द्या.